‘कृतज्ञ’ म्हणजे कोण?

हरिनाम सप्ताहाच्या शेवटल्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला जातो, आणि मग एक गोष्ट ठरलेलीच असते. मंडळींपैकी कोणीतरी कागद घेऊन उभा राहतो आणि आभार मानू लागतो. मंडप कोणी दिला, जळण कोणी आणले, कोणत्या दिवशीची पंगत कोणाची होती, विणेकरी कोण, मृदंग कोणाचा, अशी सर्व नावे वाचून होतात आणि अखेरीस वाक्य येते, ‘या सर्वांविषयी आम्ही अत्यंत कृतज्ञ आहोत.’ मग पुंडलीकवरदाचा गजर होतो आणि लोक आपापल्या वहाणा शोधू लागतात.

हे वाक्य आम्ही स्वतः आजवर किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक आहे, अशी आमची पक्की समजूत होती. ती समजूत एका म्हाताऱ्या माळकऱ्याने एकाच प्रश्नाने मोडून टाकली. तो प्रसंग आधी सांगतो, आणि मग शब्दाचा विचार आपण मिळून करू.

प्रवरेच्या कालव्यावरचे एक गाव. चोहोकडे ऊस, पाट भरून चाललेला. आमचे प्रवचन होते आणि विषय होता कृतज्ञता. आम्ही नदीचे माहात्म्य गायिले. या अमृतवाहिनीने हा मुलूख हिरवा केला, हिच्याविषयी आपण कृतज्ञ असले पाहिजे, असे पुष्कळ बोललो. लोकांना आवडले. प्रवचन आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी येऊन बसले. गळ्यात तुळशीची माळ, अंगात जाडाभरडा सदरा, पायांना डोंगराची चाल. पाया पडून म्हणाले,

“माउली, सांगनं ग्वाड झालं. पर येक इचारू का? तुमी घडीघडी किरतज्ञ म्हनत व्हता, त्येचा अरथ काय वो?”

आम्ही म्हणालो, “बाबा, कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. आपल्यासाठी जे केलं गेलं, ते ज्याला ठाऊक आहे तो.”

“आसं व्हय,” म्हातारबाबा जरा थांबले. “मी भंडारदऱ्याचा. धरनाच्या वरल्या अंगाचा. ह्या पाटाचं पानी आमच्या दारावरनं येतं. मंग आमच्या गावाचं नाव हितं कोनाला ठावं हाय का?”

आम्ही आजूबाजूला पाहिले. कोणाला ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते. तासभर ज्या गुणाचे गोडवे गायिले, तो गुण आमच्या अंगी कणभरही नव्हता, हे त्या क्षणी उघड झाले. म्हातारबाबांना आम्हांला लाजवायचे नव्हते. त्यांनी खरोखरच अर्थ विचारला होता, आणि अर्थ कळल्याबरोबर तो लावून पाहिला होता. आम्ही शब्द वापरीत होतो, त्यांनी तो तपासला.

आता शब्दाकडे येऊ. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. सर्वज्ञ, शास्त्रज्ञ, आणि गीतेच्या तेराव्या अध्यायातला क्षेत्रज्ञ, या सर्वांच्या शेवटी जो ‘ज्ञ’ आहे तोच हा. हा ‘ज्ञ’ ज्ञानाचा आहे. गहिवरून येणे, डोळे भरून येणे, हात जोडणे, यांपैकी काहीएक त्या शब्दात सांगितलेले नाही. शब्द फक्त एवढेच विचारतो, तुला ठाऊक आहे का?

याचा उलट शब्द पाहा. अज्ञ म्हणजे न जाणणारा. तेव्हा कृतज्ञाच्या उलट ‘अकृतज्ञ’ म्हटले असते तरी चालले असते, आणि तोही शब्द आहेच. पण आपल्या तोंडी बसला तो ‘कृतघ्न’. शत्रुघ्न म्हणजे शत्रूला मारणारा, कृमिघ्न म्हणजे जंत मारणारे औषध. तसा कृतघ्न म्हणजे केलेले मारणारा. शब्द किती कठोर आहे! दुसऱ्याने केले ते मी जाणले नाही, एवढ्यानेच मी ते ठार केले. पहिल्याने कष्ट उपसले, ते जगात घडले. पण ज्याच्यासाठी घडले त्याच्याच मनात त्यांना जागा नाही, तर ते घडूनही न घडल्यासारखे झाले. विसरणे हा आपण साधा दुबळेपणा समजतो. या शब्दाने त्याला हत्येच्या पंक्तीत नेऊन बसवले आहे.

वाल्मीकींनीही ही पंक्ती मांडली आहे. पावसाळा सरला, सुग्रीवाला राज्य मिळून गेले, आणि सीतेच्या शोधाचे वचन तो सुखात विसरून बसला. तेव्हा संतापलेला लक्ष्मण किष्किंधेत शिरून त्याला सांगतो, की ब्रह्महत्या करणारा, मद्यपी, चोर, व्रत मोडणारा, या साऱ्यांना सज्जनांनी प्रायश्चित्त सांगितले आहे, कृतघ्नाला मात्र ते नाही. असे का असावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे कारण शब्दातच आहे. प्रायश्चित्त घ्यायला आधी ‘माझे चुकले’ हे ठाऊक असावे लागते. जो जाणतच नाही, तो प्रायश्चित्त तरी कशाचे घेणार?

बरे, आपली मराठी या बाबतीत काय सांगते? उपकार या शब्दाला आपण तीन क्रियापदे जोडतो. उपकार मानतात, उपकार फेडतात, आणि उपकार जाणतात. तिन्ही एकच, असे वरवर वाटते. पण तसे नाही.

मानणे हे पुष्कळदा तोंडाने होते. आभार मानले, की मानणारा मोकळा. ‘आभार’ या शब्दात भार आहे, म्हणजे ओझे आहे. आणि खरे सांगायचे तर आपण आभार मानतो ते बहुधा ते ओझे खाली ठेवण्यासाठीच. चार नावे वाचली, टाळ्या झाल्या, ओझे उतरले, चला घरी. आमच्या आजीच्या तोंडी ‘आभार’ हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. अडल्या वेळी कोणी पायलीभर दाणे दिले होते, ते मात्र ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे. कोणी दिले, कोणत्या साली दिले, आणि तेव्हा त्या देणाऱ्याच्या घरातही किती थोडे होते. आभार तिने मानले नसतील. जाण ठेवली होती.

फेडणे हे सावकारी शब्द आहे. घेतले तेवढे परत केले, कागद फाडला, हिशेब मिटला. व्यवहारात ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक उपकार फेडता येतो, असे ज्याला वाटते, त्याने रामायणाच्या उत्तरकांडातला निरोपाचा प्रसंग वाचावा. हनुमंताला निरोप देताना श्रीराम म्हणतात, की तू माझ्यासाठी जे केलेस ते माझ्यातच जिरून जावो. कारण परतफेड करू पाहणारा मनुष्य नकळत उपकारकर्त्यावर संकट येण्याची वाट पाहत असतो. केवढा सूक्ष्म विचार आहे पाहा! तुझे फेडायचे तर तुझ्यावर तशीच वेळ यायला हवी, आणि ती येऊ नये म्हणून मी ऋणीच राहतो. इथे फेड नाही, आभाराचा उपचार नाही. जाण मात्र पुरी आहे. प्रभूंनी ते देणे बुडवले नाही आणि मिटवलेही नाही. आपल्या अंगात मुरवून ठेवले.

म्हणून आम्ही म्हणतो, मानणे व फेडणे ही जाणण्याची दोन लेकरे आहेत. आई घरात असेल तर लेकरे शोभतात. आई नसेल तर ती पोरकी फिरतात. न जाणता मानलेले आभार ही नुसती टाळी, आणि न जाणता केलेली फेड हा नुसता व्यवहार.

असो. म्हातारबाबांचा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. पुढे वैशाखात आम्ही भंडारदऱ्यास गेलो. जे आधी जाणायला हवे होते ते उशिरा तरी जाणावे म्हणून गेलो.

भंडारदऱ्याचे धरण प्रवरेवर, अकोले तालुक्यातल्या शेंडी गावापाशी आहे. १९१० साली त्याच्या कामाला हात घातला गेला आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चुन्यात बांधलेली दगडी भिंत सुमारे २७० फूट उंच, आणि तिच्यामागे साठते सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी. धरणाला गव्हर्नरसाहेबांचे नाव पडले, विल्सन धरण. मागच्या तलावाला आर्थर हिल या इंजिनिअरसाहेबांचे. सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रंधा धबधब्यावरून उतरत, अकोल्यावरून वाहत, संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्याला येते, आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत जो ऊस दिसतो, त्याच्या मुळाशी हे पाणी आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, तेही याच पाण्याच्या आधाराने.

हे सगळे आम्हांला आधीपासून थोडेफार ठाऊक होते. साहेबांची नावे ठाऊक होती, फुटांचा आणि घनफुटांचा आकडा ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते पाण्याच्या वरचे.

म्हातारबाबांनी आम्हांस तलावाच्या काठाकाठाने नेले. वैशाखात पाणी खूप खाली गेलेले असते. गाळाची जमीन उघडी पडलेली, तिला भेगा. एका ठिकाणी उभे राहून बाबांनी काठीने दूर पाण्याकडे दाखवले. “माझा आजा सांगायचा, हितं आमची भाताची खाचरं व्हती. दरीतली जिमीन, पाऊसकाळात पान्याला तोटा न्हाई. मंग पानी चढलं, आमी बी चढलो.”

‘आमी बी चढलो’ या तीन शब्दांत साऱ्या दरीचा इतिहास होता. तळाची मऊ भातजमीन पाण्याखाली गेली. माणसे उतारावर गेली आणि नाचणी-वरईवर दिवस काढू लागली. हा मुलूख महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी समाजांचा. घाटघरला पाऊस एवढा कोसळतो, की त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात; आणि त्याच डोंगरातल्या उंचावरच्या वाड्यांतून उन्हाळ्यात बायाबापड्या हंड्यासाठी पायपीट करतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आपल्याकडे म्हणतात, त्याचा अर्थ तिथे उभे राहिल्यावर कळतो.

आम्ही भारावून गेलो आणि आमच्या सवयीप्रमाणे बोलून गेलो, “बाबा, तुमच्या वाडवडिलांनी केवढा त्याग केला! खालच्या मुलखाला तुम्ही जीवन दिलंत. आम्ही तुमचे फार आभारी आहोत.”

बाबा रागावले नाहीत. पण मान हलवून म्हणाले, “न्हाई माउली. आमी दिलं न्हाई. ते घेतलं गेलं. दिलं आसतं, तर आमी इसरून बी गेलो आसतो.”

वाचकहो, या वाक्याने आमचा विचार जिथे अडकला होता तिथून पुढे ढकलला. आजवर आम्ही कृतज्ञता म्हणजे उपकाराची जाणीव, एवढेच समजत होतो. उपकाराला देणारा लागतो, आणि त्याने राजीखुशीने दिलेले असावे लागते. इथे तर कोणी राजीखुशीने दिलेच नव्हते. ज्याचे हिसकले त्याला ‘तू दानशूर’ म्हणणे ही त्याची थट्टा झाली. घेणाऱ्याची लाज झाकण्यासाठी आपण घेतलेल्याला दान म्हणतो आणि गमावलेल्याला त्याग म्हणतो. मग अशा ठिकाणी कृतज्ञता हा शब्दच लागू पडत नाही, असे म्हणायचे काय?

तसे नाही. शब्द पुन्हा नीट पाहावा. ‘कृतज्ञ’ या शब्दात उपकार हे पद नाहीच! त्यात आहे ते ‘कृत’. जे केले गेले ते. दिले गेले असेल तर दिलेले, घेतले गेले असेल तर घेतलेले, सोसले असेल तर सोसलेले. माझ्या ताटातल्या घासापर्यंत येता येता जे जे काही घडले, ते जसे घडले तसे जाणणारा तो कृतज्ञ. गोड करून जाणणारा कृतज्ञ नव्हे. दात्याला दाता म्हणून ओळखावे, कष्टकऱ्याला कष्टकरी म्हणून, आणि ज्याचे गेले त्याला ज्याचे गेले तो म्हणून. पहिल्याला आभार पुरतील. दुसऱ्याला मजुरी आणि मान द्यावा लागेल. तिसऱ्याला आभार चालत नाहीत, त्याला न्याय लागतो. कोणाला काय द्यायचे हे ठरण्यासाठी मुळात काय घडले ते ठाऊक असले पाहिजे, म्हणून ‘ज्ञ’ आधी.

आता इथे दोन शंका येतील, त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिली शंका व्यवहारी माणसाची. तो म्हणेल, पाऊस देवाचा, धरण सरकारचे, पाणीपट्टी आम्ही भरतो. मग कोणाचे देणे लागतो? याला उत्तर असे की पट्टी ही पाण्याच्या पाळीची असते. भिंत बांधायला सोळा वर्षे लागली. त्या सोळा वर्षांत दगड फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या हातांची नावे कोणत्या पावतीवर आहेत? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्र सांगितले आहे आणि जो त्या चक्रातून नुसता घेतो, परत काही घालत नाही, त्याला सरळ चोर म्हटले आहे. तो चोर कोणाची भिंत फोडून घरात शिरलेला नाही. तो आपल्याच पाटावर बसून जेवतो आहे. तरी तो चोर.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती गरिबाची आहे. तो म्हणेल, कृतज्ञता शिकवू नका. या एका शब्दाने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले. वाड्यावरचा धनी म्हणतो, माझ्या मिठाला जाग. पुढारी म्हणतो, रस्ता केला, विसरू नका. ही शंका खरी आहे. उपकाराचे ओझे डोक्यावर देऊन माणसाला वाकवण्याचा धंदा जुना आहे. पण त्याला उत्तर संतांनी आपल्या वागण्याने देऊन ठेवले आहे. तुकोबारायांकडे वडिलार्जित सावकारी होती. लोकांच्या कर्जाच्या कागदांतला भावाचा वाटा त्यांनी भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले, असे चरित्रकार सांगतात. ज्याचे येणे होते त्यानेच कागद बुडवले! म्हणजे देणाऱ्याने विसरायचे असते. जाणायचे ते घेणाऱ्याने. देणारा स्वतः येऊन ‘जाण ठेव’ असे म्हणू लागला, की तो दाता उरत नाही, सावकार होतो. कृतज्ञता ही ज्याच्या पोटात घास गेला त्याने स्वतःला विचारायची गोष्ट आहे. दुसऱ्याकडून ती वसूल करता येत नाही. भंडारदऱ्याच्या म्हातारबाबांनीही आमच्याकडे काही मागितले नव्हते. अर्थ विचारला होता.

आणखी एक पळवाट आहे, ती मात्र आपल्याच वारकरी मंडळींच्या अंगणातली आहे, म्हणून तिच्याविषयी जरा स्पष्ट बोलतो. आपण म्हणतो, करता-करविता पांडुरंग. मग माणसांची नावे कशाला घ्यायची? सगळे त्याच्या चरणी वाहिले की झाले. ऐकायला हे फार भक्तीचे वाटते. पण देवाचे नाव पुढे करून माणसाचे कष्ट झाकणे ही भक्ती नव्हे. ज्या देवाविषयी आपण अभिमानाने सांगतो, की तो जनाबाईच्या जात्यापाशी येऊन दळू लागला, त्या देवाला दळणाऱ्या हातांची ओळख होती. त्याच्या भक्ताला ती नसावी?

याच प्रवरेच्या काठी नेवाशाला पाहा. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरची टीका सांगितली, ती इथे, त्या खांबाला टेकून, असे आपली परंपरा सांगते. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. तो पुरा होताना शेवटी कोणाकोणाची नोंद आहे? आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंतच्या गुरुपरंपरेची आहे, स्थळाची आहे, राज्य करणाऱ्या रामदेवरायाची आहे, शकाची आहे. आणि ज्यांनी बसून तो लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचीही आहे. जिथे अवघ्या विश्वासाठी प्रसाद मागितला, तिथेच लिहिणाऱ्या हाताचेही नाव राहिले. विश्वाची काळजी वाहणाऱ्याला लेखकाचा विसर पडला नाही. आपणाला मात्र विश्वाचे पसायदान पाठ असते आणि आपल्या पाण्याची वाट ठाऊक नसते.

आणि चोखोबा! मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ सालची ही गोष्ट. नामदेवराय पंढरपुराहून तेथे गेले. ढिगाऱ्यातून अस्थी काढल्या, त्यांतली कोणती चोखोबांची हे कसे ओळखणार? ज्या अस्थीतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी उचलली आणि पंढरीत महाद्वारासमोर समाधी बांधली, असे संतचरित्र सांगते. आजही नामदेवांच्या पायरीवर माथा टेकणाऱ्याला समोर चोखोबा दिसतात. आम्ही ही कथा कीर्तनात सांगत आलो ती नामाचा महिमा म्हणून, आणि तो आहेच. पण भंडारदऱ्याहून परतल्यावर ती आम्हांस वेगळीच दिसू लागली. भिंत गावाची, राबणारे गावाबाहेरचे. भिंत पडली. ढिगाऱ्याशी वाकून, एकेक हाड कानाशी धरून, ‘हा कोण होता’ हे विचारणारा एकच निघाला. कृतज्ञ म्हणजे कोण, याचे याहून स्पष्ट चित्र आम्हांला ठाऊक नाही. त्याने आभार मानले नाहीत, फेडण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याने ओळखले. आणि बाकीचे मजूर? त्यांची नावे कोणी विचारली नाहीत, म्हणून ती आज कोणालाच सांगता येत नाहीत. कृतघ्न शब्दातला ‘घ्न’ असा काम करतो.

ही गोष्ट नुसत्या भावनेची नाही, तिचा हिशेब जमिनीवर उमटतो. पाणी कोठून येते, ते कोणाच्या खाचरावर उभे आहे, हे ज्याला ठाऊक नसते, तो आपली पाळी आली की दारे मोडून रात्रभर पाणी सोडून झोपी जातो. शेवटच्या चारीवरचा शेतकरी कोरडा राहतो, आणि याच्या जमिनीला पाणी लागते. कालव्याच्या मुलखात किती चांगल्या काळ्या जमिनी अशा पाणथळ आणि चोपण झाल्या, ते त्या मुलखाला विचारावे. न जाणल्याचे फळ न जाणणाऱ्याच्याच बांधात उगवले. १९६९ साली भंडारदऱ्याच्या भिंतीला तडे गेल्याचे दिसून आले आणि मग ती मजबूत करावी लागली. तेव्हा जो घोर लागला तो भिंतीचा. भिंतीमागे ज्यांचे कायमचे बुडाले त्यांच्यासाठी कोणत्या साली घोर लागला, हे आपण आपल्याला विचारावे. आणि पुढे त्याच नदीवर, अकोले तालुक्यातच, निळवंड्याचे धरण झाले; १९७० साली मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाचे कालव्याचे पाणी खालच्या दुष्काळी गावांना मिळायला २०२३ साल उजाडले. पन्नास वर्षे वाट पाहिलेली ती गावे आज हरखली आहेत, आणि हरखावेच. एवढेच मागणे, की पहिल्या पाण्याची पूजा करताना वरच्या अंगाची ओळख पहिल्या दिवसापासून असावी. पुन्हा शंभर वर्षांनी कोणा म्हाताऱ्याला अर्थ विचारीत यावे लागू नये.

तर मग करायचे काय? आमच्याकडे मोठा कार्यक्रम नाही. आपल्या घरात पाणी येते ते कोणत्या नदीचे, ती कोठे अडवली, अडवताना कोणाचे काय गेले, एवढे प्रत्येकाने शोधून काढावे आणि मुलांना सांगावे. अन्नाचे तसेच, अंगावरच्या वस्त्राचे तसेच. हंगामात काजवे बघायला भंडारदऱ्यास जाणाऱ्यांनी काजव्यांबरोबर तिथल्या वाड्यांतही डोकवावे, आणि परतताना तिथे आपला कचरा सोडून येऊ नये. आणि त्या डोंगरातली माणसे आपल्या हंड्याचे, आपल्या जमिनीचे गाऱ्हाणे घेऊन खाली आली, तर ‘हे कोण?’ असे विचारायची वेळ आपणावर येऊ नये. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. त्यात ‘जागणे’ हा शब्द आहे. जागा तोच राहील ज्याला जाण आहे.

गेल्या वर्षी त्याच कालव्यावरच्या गावी पुन्हा सप्ताह झाला. म्हातारबाबा आले नाहीत. गुडघे चालत नाहीत, असा निरोप आला. काल्यानंतर आभाराचा कागद घेऊन गृहस्थ उभे राहिले, तेव्हा आम्ही त्यांना विनंती केली, की वर्गणीदारांच्या आधी एवढी नावे वाचा. आणि भंडारदऱ्याच्या तलावाभोवती फिरताना लागणारी गावे आम्ही कागदावर लिहून दिली : शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल.

त्यांनी ती वाचली. मंडपात जरा कुजबुज झाली. पुढे बसलेला एक पोरगा मोठ्याने म्हणाला, “ह्या गावांनी वर्गणी किती दिली?”

लोक हसले. आम्हीही हसलो. मग त्याला जवळ बोलावून आम्ही म्हणालो, “बाळ, तू आज सकाळी आंघोळ केलीस ना? बैस इथे, सांगतो.”

रामकृष्णहरि.